ठमी पडद्याआड जात नाही

सोमवार, ता. ३

चि. ठमीस,

हे पत्र हातात पडेपर्यंत तुझा प्रवासाचा शीण गेला असेल, असं धरून चालते आणि आशीर्वाद पाठवते. बाबांना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक आहे. जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी व्हायोलिनचा वर्ग लावलाय आणि त्यांच्या प्रगतीची सगळ्या इमारतीला कल्पना आहे. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि बाबांना ऐकू येत नाही. पत्र निदान तू त्यांच्या कानाशी बसून वाचून दाखवतेस.

गाडीत बसताना तू विचारलंस, "ताई, सगळे हसत का होते गं? माझं काय चुकलं?" मी "काही नाही" म्हणाले आणि गाडी सुटली. पण तू मनाला लावून घेशील, म्हणून सविस्तर सांगते.

आमचा टीव्हीवरचा विक्रीचा कार्यक्रम थेट असतो, मध्ये थांबायला जागाच नसते. एक वस्तू विकून झाली की लगेच दुसरी. प्रत्येक वस्तूबरोबर कंपनीचा एक पाहुणा येतो, ती वापरून दाखवतो आणि जातो. येणं सोपं असतं. जाणं महाकठीण. मी "मनापासून आभार" म्हणते, टेबलाआडून पाहुण्याच्या कोपराला हळूच बोट लावते, कॅमेरा पुढच्या वस्तूच्या अगदी जवळ जातो, आणि तेवढ्यात पाहुण्याने डावीकडच्या काळ्या पडद्याआड नाहीसं व्हायचं. बस, एवढंच. पण भल्याभल्यांची इथे भंबेरी उडते. मालिश करणाऱ्या खुर्चीचे एक गृहस्थ होते, त्यांना त्यांच्याच खुर्चीने सोडलं नाही. मी पुढचा मिक्सर विकत होते आणि ते मागे थरथरत बसले होते. एक व्यायाम शिकवणारे मास्तर ऐटीत निघाले ते थेट भिंतीवर रंगवलेल्या दाराकडे. त्याची कडी शोधत राहिले बिचारे. आणि कित्येक जण तर कोपराला बोट लागलं की वळून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "काय?"

हे सगळं मी झाकते. आवाज थोडा चढवते, अर्धं पाऊल पुढे येते, हातातली वस्तू उंच धरते, आणि माझ्या मागे माणूस दोरखंडात अडकलेला असला तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. इतकी वर्षं हेच तर केलं. माझं काम उत्तम झालं याची खूण म्हणजे ते कुणाला दिसलंच नाही.

आणि मग तू आलीस. शिलाई मशीनच्या कंपनीची नेहमीची बाई आजारी पडली म्हणून मीच तुझं नाव सुचवलं होतं. सकाळी तालमीत तुला पडद्याचं सगळं समजावलं. तू मान डोलावलीस, पण तुझं सगळं लक्ष मशीनच्या दोऱ्याच्या ताणाकडे होतं. मी आभार मानले. कोपराला बोट लावलं. तू म्हणालीस, "थांब, टीप व्हायची आहे."

मी भांडेवाल्यांचं स्वागत केलं, त्यांनी न चिकटणारी पातेली मांडली, आणि शेजारी तुझं मशीन आपलं खडखडतंय. तू टीप पुरी केलीस. उलटं चालवून दोरा पक्का केलास. दातांनी तोडलास. दातांनी, ठमे! समोर तीन कात्र्या ठेवल्या होत्या. मग कापडाची घडी घातलीस, टेबलावरचे दोरे वेचलेस. मला वाटलं, सुटले. तर तू खाली बसलीस आणि गालिच्यावर रांगत टाचण्या गोळा करायला लागलीस. तुझा माइक चालूच होता. भांडेवाले उष्णता सगळीकडे सारखी कशी पसरते ते सांगत होते आणि त्यावर तुझा आवाज, "अगं बाई, एक कमी आहे." आणि मग, "अहो, जरा पाय उचला बघू." त्यांनी उचलला. एका पायावर उभं राहून उष्णतेबद्दल बोलत राहिले.

मी कानाला लावलेल्या यंत्रात दिग्दर्शक हसता हसता सांगत होता, "तिच्यावरच राहू दे कॅमेरा, तिच्यावरच." मी अर्धं पाऊल पुढे आले. तो म्हणाला, "तुम्ही मध्ये येऊ नका."

तर तुझं काहीच चुकलं नाही. फोन खणखणत होते. मशिनं संपली, पातेली तशीच राहिली. सगळे खूश आहेत, मीही आहे. पुढच्या वेळी, म्हणजे जर कधी पुढची वेळ आलीच तर, कात्री वापर.

बाबांनी पाहिलं का? नसेल पाहिलं तर राहू दे. नाहीतरी माझा कार्यक्रम ते कधी लावतात?

तुझी,
ताई


रविवार, ता. १६

चि. ठमीस,

आशीर्वाद, आणि बाबांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. काढा देतेस त्यात मध जास्त घाल, म्हणजे कुरकुर करणार नाहीत.

बाबांनी कार्यक्रम पाहिला, शेजारच्यांना बोलावून पाहिला, आणि तू टीप पुरी केलीस तेव्हा टाळ्या वाजवल्या, असं तू लिहिलंस. वाचून आनंद झाला. हे वाक्य एकदा खोडून पुन्हा लिहिलंय, तुला दिसत असेलच. बाबांनी शिवणाच्या दुकानात आपल्या दोघींना एकच धडा दिला होता, अर्धी टीप सोडून उठायचं नाही. बाहेर वरात जावो नाहीतर आग लागो. मी त्या दुकानातून पळाले ती या बडबडीच्या धंद्यात आले. "तोंडाचं काम," असं बाबा त्याला म्हणतात. तू राहिलीस. मग टाळ्या तुला नाही तर कुणाला?

आता परवाचं. तुला चॅनेलने परत बोलावलं हे मला तुझ्याकडूनच कळलं. मला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलंही नाही. तू दारात उभी राहून "ताई, मी आले" म्हणालीस तेव्हा मी "अगं, माहिती होतं मला" म्हटलं. नव्हतं माहिती.

तालमीला दिग्दर्शकाने तुला टाचण्या मुद्दाम सांडायला सांगितल्या आणि तू म्हणालीस, "मुद्दाम कशा सांडू? कुणाच्या पायात गेली तर?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, या वेळी मुकाट्याने पडद्याआड जाईल. आणि तू निघालीसही. कोपराला बोट लावताच उठलीस, मशीन झाकलंस, डावीकडे वळलीस. मी पाणी शुद्ध करणारं यंत्र हातात घेतलं. पहिलं वाक्य बोलून झालं, तेवढ्यात माझा झगा कुणीतरी ओढला.

"ताई, हलू नकोस. खालची पट्टी उसवलीय तुझी."

थेट प्रक्षेपणात! स्वतःच्या गळपट्टीला टोचलेली सुई काढून तू माझ्या पायाशी बसलीस आणि टाके घालायला लागलीस. मला पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी पाण्यातल्या जंतूंबद्दल बोलत राहिले. तू खालून म्हणालीस, "वजन एका पायावर टाकू नकोस गं, कापड ओढलं जातंय." मी वजन दोन्ही पायांवर टाकलं. कानात दिग्दर्शक ओरडत होता, "सोनं आहे, सोनं!" तो माझ्याबद्दल बोलत नव्हता.

लोकांना फार आवडलं म्हणे. दिवसभर फोन येत होते. त्या शिवणवाल्या बाईंना रोज बोलवा. त्या बाई किती घरच्यासारख्या वाटतात. एका बाईंनी तर विचारलं, "आणि मागे उभ्या होत्या त्या कोण?" फोन घेणाऱ्या मुलीने हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. गालफडं दुखेपर्यंत हसले. मागे उभ्या होत्या त्या! अगं, मी पुढे होते. तू मागे होतीस.

झगा अजून धुतलेला नाही. तुझे टाके बघितले. बारीक, एकसारखे, वरून एकही दिसत नाही. मला असले टाके कधीच जमले नाहीत, आणि बाबा माझं कापड उसवून तुझ्या हातात द्यायचे. तू किती लहान होतीस तेव्हा. खुर्चीवर उशी ठेवून बसायचीस.

तू जेवायला थांबली नाहीस. मी आग्रह केला नाही, हेही तुझ्या लक्षात आलं असेल. डोकं दुखतंय असं मी सांगितलं होतं. डोकं नव्हतं दुखत.

बाबांना हे मधलं सगळं वाचून दाखवू नकोस. काढ्याचं तेवढं दाखव.

तुझी,
ताई


गुरुवार, ता. २७

ठमे,

हे पत्र बाबांना अजिबात वाचून दाखवू नकोस. ते विचारतील, "काय लिहिते ताई?" तर सांग, बरी आहे, नमस्कार सांगितलाय. नमस्कार खरंच सांगितलाय.

तुझं पत्र आठवडाभर माझ्या पर्समध्ये आहे. तू लिहिलंस, "चॅनेलवाले मला दुपारची वेळ रोजची देऊ म्हणतात, मी त्यांना ताईला विचारून कळवते म्हटलंय, तू म्हणशील तसं." त्याच दिवशी आमच्या प्रमुख बाईंनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच मला कळलं. माझी दुपारची वेळ ठमीला. मला पहाटेचे आधीच चित्रित केलेले कार्यक्रम. तेही दिसायचं नाही, नुसता आवाज. पडद्यावर पातेलं फिरणार आणि मागून मी बोलणार. "तुमचा आवाज फार छान आहे हो," बाई म्हणाल्या. "आणि बहिणीला तुम्हीच तयार करा. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती. म्हणजे सगळं तुमच्याच हातात आहे."

मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

तुला उत्तर मात्र लिहून पाहिलं. त्यात मी लिहिलं की, रोजच्या रंगरंगोटीने कातडीची वाट लागते. लिहिलं की उभं राहून पायांच्या शिरा फुगतात, दिव्यांनी डोळे चुरचुरतात. दुकानाचं काय करशील? बाबांना कोण बघेल? त्यांना ती गल्ली सोडवेल का? हौसेने बोलावणारी ही माणसं उद्या तुझा कंटाळा आला की ढुंकून बघणार नाहीत. सगळं खरं आहे, यातलं एकही खोटं नाही. आणि वाचून पाहिलं तेव्हा मला माझीच शिसारी आली, कारण यातल्या एकाही कारणासाठी मी ते लिहीत नव्हते. म्हणून ते फाडलं.

मग दुसरं लिहिलं. ठमे, बिनधास्त घे, मला काय, मला आवाजाचं काम आवडतंच, तू माझ्या जागी आलीस तर जागा घरातच राहिली. ते पहिल्यापेक्षा सुंदर झालं होतं. अक्षरसुद्धा छान आलं होतं. तेही फाडलं.

मला माहितीये, तुला हे हवंय. तू उघड म्हणत नाहीस, पण पत्राच्या शेवटी सहज म्हणून विचारलंस की माझ्या इमारतीत एखादी खोली भाड्याने मिळेल का, तळमजल्यावरची, बाबांच्या गुडघ्यांसाठी. असं सहज कुणी विचारत नाही. आणि तू चांगलीही होशील. लोक तुझ्याकडे बघतात त्याचं कारण मला कळतं. तुला कॅमेरा दिसतच नाही. तू काम करत असतेस आणि लोक तुला काम करताना बघतात. मला तो सतत दिसतो. मी हसले तरी तो दिसतो, कुणाचे आभार मानले तरी दिसतो. शिकवून मला ते यायचं नाही आता.

माझ्या पोटात दुखतंय, ठमे. साध्या, जुन्या अर्थाने पोटात दुखतंय. लोक तुझं नाव घेतात आणि मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. रंगभूषेच्या खोलीत तुझी खुर्ची कुठे ठेवायची याची चर्चा चालू होती, मी तिथे असताना, आणि मी त्यांना सांगितलं, खिडकीशी ठेवा, तिला उजेड लागतो. हे सांगताना मला तुझा इतका राग आला की हातातल्या कंगव्याचे मी दोन तुकडे करून टाकले. तू काहीही केलेलं नसताना.

तू एका पत्रात लिहिलं होतंस की बाबा आता रोज दुपारी तोच चॅनेल लावून बसतात. तू नसतेस त्या दिवशीही. आवाज बंद करून. म्हणजे ते मला बघतात, नाही का? की तू येतेस का याची वाट बघतात? हे मला मागच्याच पत्रात विचारायचं होतं, विचारवलं नाही. उत्तर माहीत असलं तरी लिहू नकोस.

आठवतं, आपल्या घरात एकच वाक्य होतं? "मोठी आहेस ना तू? दे तिला." बाहुली दिली. खिडकीची जागा दिली. आई गेल्यावर तिची बांगडी एकच उरली होती, तीही "मला सैल होते गं" म्हणून तुझ्या हातात घातली. मला ती अगदी बरोबर बसत होती. दुकान दिलं, आता तू म्हणशील की ते मला नकोच होतं, आणि ते खरंय, पण दिलं ते दिलंच. देताना प्रत्येक वेळी सगळे म्हणायचे, किती समजूतदार आहे पोर. त्या समजूतदारपणाला मी कंटाळले आहे. मनापासून, हाडापासून कंटाळले आहे.

म्हणून आता मी काय म्हणते ते ऐक. हा सल्ला नाही. तुझ्या भल्याचं यात काही नाही, बाबांच्या भल्याचं नाही, दुकानाचंही नाही.

नको घेऊस.

तू नाही म्हटलंस तरी माझी जागा राहीलच असं नाही. त्या बाईंच्या डोक्यात आलंय, त्या दुसरी कुणीतरी शोधतील. त्या दुसरीचा मी दुस्वास करीन, तिच्या नावाने खडे फोडीन, चार दिवस जेवणार नाही आणि पाचव्या दिवशी पहाटे उठून पातेल्यांना आवाज द्यायला जाईन. ते मला जमेल. पण तू घेतलीस तर मला तुझं कौतुक करावं लागेल. रोज. तळमजल्यावर येऊन, बाबांच्या शेजारी बसून. ते मला जमणार नाही, ठमे. मी खूप प्रयत्न करून पाहिला, या आठवडाभर आरशासमोरसुद्धा केला. नाही जमत.

तू घेतलीस तरी मी तुला दोष देणार नाही. मला तेवढा हक्क नाही, हे मला कळतं. पण तू विचारलंस, आणि मी म्हणेन तसं करीन म्हणालीस, तर मी हे म्हणते आहे. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे काहीतरी मागते आहे आणि ते तुला हवं असलेलं मागते आहे.

उत्तर लगेच पाठव. हो असो की नाही.

खाली 'ताई' म्हणून सही करायला हात उचलत नाही. ताईने द्यायचं असतं.

तुझी,
बहीण